अन्वस्ताचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे कसे ओळखावे

दहावीच्या वर्गसमीकरणांकडून अकरावीच्या शांकवांकडे (शंकूच्या छेदातून मिळणाऱ्या वक्रांकडे) जाणाऱ्या विद्यार्थ्याला अन्वस्त (पॅराबोला) हा वक्र बहुधा आधी आकृतीच्या रूपाने भेटतो, आणि त्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो वक्राच्या तोंडाचा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या आमच्या खानदेशी जिल्ह्यांत घरी अहिराणी बोलणारी मुले फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून ‘तोंड कोनीकडे शे?’ असे सरळ विचारतात. प्रश्न तेवढाच आहे. वक्राची एक बाजू बंद असते, दुसरी उघडी असते, आणि त्या उघड्या बाजूची दिशा आकृती न काढता समीकरणावरून सांगता यायला हवी.

‘अ धन असेल तर तोंड वर, ऋण असेल तर खाली’ हे वाक्य बहुतेकांना पाठ असते. ते खरे आहे, पण समीकरण य = अ·क्ष² + ब·क्ष + क या साच्यात मांडलेले असेल तोवरच उपयोगी पडते. पद दुसऱ्या बाजूला गेले, कंस आला, वर्ग य या चलाचा असला किंवा समीकरणाऐवजी नुसते बिंदू दिले, की पाठ केलेले वाक्य हातात असूनही उत्तर चुकते. म्हणून हे वाक्य ज्या गोष्टीवर उभे आहे ती गोष्टच धरून पुढे जाणे मला अधिक योग्य वाटते. ती गोष्ट अशी, की कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो. पुढची प्रत्येक पद्धत या एका विधानातून निघते.

मांडणीविषयी एवढे ध्यानात असू द्यावे, की क्ष हे चल आडव्या अक्षावर असून त्याची धन दिशा उजवीकडे आहे, तर य हे चल उभ्या अक्षावर असून त्याची धन दिशा वर आहे. अ, ब आणि क या स्थिर संख्या आहेत. अक्षरांचा गुणाकार जिथे संदिग्ध वाटेल तिथे मध्ये टिंब दिले आहे.

वर्ग कोणत्या चलाचा आहे?

चिन्ह पाहण्याआधी वर्ग पाहावा. समीकरणात क्ष² असेल आणि य फक्त एकघाती असेल, तर अन्वस्ताचा अक्ष, म्हणजे त्याला दोन सारख्या भागांत विभागणारी रेषा, उभा असतो आणि तोंड वर किंवा खाली असते. य² असेल आणि क्ष एकघाती असेल, तर अक्ष आडवा असतो आणि तोंड उजवीकडे किंवा डावीकडे असते. क्ष² आणि य² ही दोन्ही पदे असून क्ष·य हे पद नसेल, तर तो वक्र अन्वस्त नाही. तो वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा अपास्त यांपैकी काहीतरी असू शकेल, आणि मग तोंडाचा हा प्रश्नच लागू होत नाही.

ही पायरी अगदी साधी असली तरी परीक्षेच्या घाईत सर्वाधिक चुका इथेच होतात. क्ष = य² − २ हे समीकरण समोर आले की सवयीने ‘वर्गाचा सहगुणक धन, म्हणून तोंड वर’ असे लिहिले जाते. इथे वर्ग य चा आहे. य ला कोणतीही किंमत दिली तरी य² शून्याहून कमी होत नाही, म्हणून क्ष ची किंमत −२ च्या खाली जाऊ शकत नाही. वक्र (−२, ०) या बिंदूपाशी सुरू होतो आणि उजवीकडे पसरत जातो, म्हणजे तोंड उजवीकडे आहे. त्याचप्रमाणे क्ष = −३य² + ६य + १ या अन्वस्ताचे तोंड डावीकडे आहे. त्याचा शिरोबिंदू, म्हणजे वक्र जिथे वळतो तो बिंदू, (४, १) असून क्ष ची किंमत ४ च्या पुढे जात नाही.

चिन्ह दिशा का ठरवते?

य = अ·क्ष² + ब·क्ष + क या समीकरणात अ चे चिन्ह दिशा ठरवते, हे आकृत्या काढून मुलांना पटवता येते. पण आकृतीने पटलेली गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट यांत अंतर असते, आणि इथे सिद्धता चारच ओळींची असल्यामुळे ती टाळण्याचे कारण नाही. शिवाय खानदेशच्या वाचकासाठी तिला एक जवळचा संदर्भ आहे. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या परिसरात, पाटण येथे, तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात दोन गोष्टी स्वच्छ शब्दांत मांडल्या आहेत. धन राशीचा वर्ग धन असतो आणि ऋण राशीचाही वर्ग धनच असतो, ही पहिली. ऋण राशीला वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचा वर्गच नसते, ही दुसरी. वर्गसमीकरण सोडवण्यासाठी त्यांनी श्रीधराचार्यांचा नियम उद्धृत केला आहे, तो असा, की दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे आणि मग अव्यक्ताच्या (अज्ञात राशीच्या) मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवावा. भास्कराचार्य समीकरण सोडवत होते, आलेख काढत नव्हते. परंतु त्यांनी दिलेली ही रीत आपल्या प्रश्नाला जशीच्या तशी लागू पडते.

य = अ·क्ष² + ब·क्ष + क या समीकरणाला दोन्ही बाजूंनी ४अ ने गुणून आणि ब² मिळवून, पदे नीट लावली की पुढील रूप मिळते.

(२·अ·क्ष + ब)² = ४·अ·य + (ब² − ४·अ·क)

डावी बाजू पूर्ण वर्ग आहे, म्हणून ती ऋण होऊ शकत नाही, आणि त्यामुळे उजवी बाजूही ऋण होऊ शकत नाही. उजव्या बाजूला बदलणारी राशी एकच आहे, ती म्हणजे य. अ धन असेल, तर य फार लहान झाल्यास उजवी बाजू ऋण होईल. म्हणून य ला खालून मर्यादा आहे, वरून नाही, आणि तोंड वर आहे. अ ऋण असेल, तर य फार मोठा झाल्यास उजवी बाजू ऋण होईल; म्हणून य ला वरून मर्यादा आहे आणि तोंड खाली आहे. ब आणि क यांचा या युक्तिवादात दिशेशी काहीही संबंध येत नाही. त्यांच्यामुळे वक्र कुठे बसतो हे ठरते, तोंड कुठे वळते हे ठरत नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी शेवटपर्यंत नेऊन पाहू. य = ५ + ६क्ष − २क्ष² हे समीकरण मुद्दाम उलट क्रमाने लिहिले आहे, कारण अशा मांडणीत पहिले पद ५ आणि दुसरे पद ६क्ष ही दोन्ही धन दिसतात आणि घाईत असलेला विद्यार्थी ‘तोंड वर’ लिहून मोकळा होतो. वर्गाचा सहगुणक −२ आहे. त्याची चौपट −८. दोन्ही बाजूंना −८ ने गुणल्यावर −८य = १६क्ष² − ४८क्ष − ४० मिळते. आता ६ चा वर्ग ३६ दोन्हीकडे मिळवला, की उजवीकडे १६क्ष² − ४८क्ष + ३६ म्हणजेच (६ − ४क्ष)² तयार होतो, त्याखेरीज −४० उरतात, ते डावीकडे नेले की ३६ + ४० = ७६ होतात, आणि शेवटी पुढील रूप हाती येते.

(६ − ४क्ष)² = ७६ − ८य

डावी बाजू शून्य किंवा धन असल्यामुळे ८य ची किंमत ७६ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे य जास्तीत जास्त ९.५ होईल. ही किंमत ६ − ४क्ष शून्य असताना, म्हणजे क्ष = १.५ असताना मिळते. शिरोबिंदू (१.५, ९.५) आणि तोंड खाली, ही दोन्ही उत्तरे एकाच ओळीतून निघाली. ‘दिशा सांगा’ एवढाच प्रश्न असेल तर इतके करण्याची गरज नसते. −२ पाहून उत्तर देता येते. पण एकदा तरी प्रत्येकाने हे स्वतःच्या हाताने करून पाहावे, असा माझा आग्रह असतो, कारण त्यानंतर नियम विसरला तरी तो पुन्हा उभा करता येतो.

वेष बदललेली समीकरणे

३य + क्ष² = १२ या समीकरणात क्ष² धन दिसतो, तरी तोंड खाली आहे. य एकटा करून घेतला की य = ४ − क्ष²/३ मिळते आणि वर्गाचा खरा सहगुणक −१/३ असल्याचे दिसते. चिन्ह वाचायचे ते एकघाती चल एका बाजूला एकटे, धन सहगुणकासह उभे असताना. सगळी पदे एकाच बाजूला असतील आणि प्रत्येक वेळी मांडणी बदलण्याचा कंटाळा येत असेल, तर यातूनच एक सोपी कसोटी मिळते. वर्गपदाचे चिन्ह आणि दुसऱ्या चलाच्या एकघाती पदाचे चिन्ह यांची तुलना करावी. दोन्ही चिन्हे सारखी असतील तर तोंड ऋण दिशेला, म्हणजे खाली किंवा डावीकडे असते. चिन्हे भिन्न असतील तर ते धन दिशेला, म्हणजे वर किंवा उजवीकडे असते.

२य² − ८क्ष − १२य + १० = ० हे समीकरण घ्या. वर्ग य चा आहे, त्याचे चिन्ह धन. दुसरे चल क्ष, त्याच्या पदाचे चिन्ह ऋण. चिन्हे भिन्न आहेत, म्हणून तोंड उजवीकडे. −१२य कडे दिशेसाठी पाहायचे नाही, कारण ते वर्ग असलेल्याच चलाचे एकघाती पद आहे आणि त्याचे काम केवळ शिरोबिंदू वरखाली सरकवण्याचे आहे. खात्री करायची असेल तर २ ने भागून वर्ग पूर्ण करावा; (य − ३)² = ४(क्ष + १) असे रूप मिळते, डावी बाजू ऋण नसल्याने क्ष ची किंमत −१ पेक्षा कमी होत नाही, आणि शिरोबिंदू (−१, ३) ठरतो.

कंसांत आणखी एक सापळा असतो. य = (२ − क्ष)² यात क्ष च्या आधी उणे चिन्ह आहे, तरी तोंड वर आहे, कारण ते चिन्ह वर्गाच्या आत आहे आणि वर्ग करताना नाहीसे होते. य = −(क्ष − २)² यात उणे चिन्ह वर्गाच्या बाहेर आहे, म्हणून तोंड खाली आहे. दोन कंसांचा गुणाकार असेल तेव्हा दोन्ही कंसांतील क्ष चे सहगुणक तेवढे गुणून पाहावेत. य = (क्ष − १)(५ − क्ष) मध्ये १ आणि −१ यांचा गुणाकार −१ येतो, म्हणून तोंड खाली; य = (३ − क्ष)(७ − क्ष) मध्ये −१ आणि −१ यांचा गुणाकार १ येतो, म्हणून तोंड वर. पूर्ण विस्तार करत बसण्याची आवश्यकता नाही.

वर्गमूळ असलेली समीकरणेही याच कुळातली आहेत, मात्र त्यांतून अर्धाच अन्वस्त मिळतो. य = √(४ − क्ष) यात मुळाखालची राशी ऋण चालत नाही, म्हणून क्ष ची किंमत ४ किंवा त्याहून कमी हवी. वक्र डावीकडे पसरतो, आणि ज्या पूर्ण अन्वस्ताचा तो वरचा अर्धा भाग आहे त्याचे तोंड डावीकडे असते.

सहगुणकात अक्षर असेल तर उत्तरही त्या अक्षराच्या किमतीनुसार द्यावे लागते. य = (म − ३)क्ष² + २क्ष + १ यात म ची किंमत ३ पेक्षा जास्त असल्यास तोंड वर, कमी असल्यास खाली, आणि म = ३ असल्यास वर्गपदच नाहीसे होऊन सरळ रेषा उरते. हा तिसरा पर्याय लिहायचा राहिला तर उत्तर अपुरे राहते.

कोणत्याही पद्धतीने उत्तर काढले, तरी ते पडताळण्याचा एक झटपट मार्ग आहे. वर्ग असलेल्या चलाला १०० सारखी मोठी किंमत देऊन दुसऱ्या चलाचे काय होते ते पाहावे. ५ + ६क्ष − २क्ष² मध्ये १०० घातले की ५ + ६०० − २०००० होते, म्हणजे य प्रचंड ऋण होतो आणि वक्राचा फाटा खाली गेल्याचे कळते. क्ष = −१०० घेतले तरी तेच होते. जिओजेब्रासारख्या संगणकीय साधनात आलेख पाहणेही चांगले, पण आधी स्वतः उत्तर लिहून मग पाहावे. पडद्यावर आलेखाचा फक्त छोटा तुकडा दिसत असेल तर तो जवळजवळ सरळ रेषेसारखा दिसतो आणि त्यावरून दिशा सांगता येत नाही.

‘वर’ म्हणजे धन दिशा

यावल आणि रावेर तालुक्यांतील केळीच्या बागांत विहिरीवरच्या आडव्या पाइपातून हौदात पडणारी पाण्याची धार अनेकांनी पाहिलेली असते. पाइपाच्या तोंडातून पाणी आडवे निघते, गुरुत्वाकर्षणामुळे खाली येऊ लागते आणि हवेचा रोध दुर्लक्षिण्याइतका कमी असल्याने त्याचा मार्ग अन्वस्ताचा अर्धा भाग असतो. पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर क्ष मीटर पुढे जाईपर्यंत ते १.२२५क्ष² मीटर खाली येते. अर्धा मीटर पुढे गेल्यावर ते सुमारे ३१ सेंटिमीटर खाली असते. धार किती पुढे पडते आणि किती खाली येते एवढे मोजून पाइपातील पाण्याचा वेग आणि त्यावरून विसर्ग (ठरावीक वेळात बाहेर पडणारे पाणी) काढण्याची जी पद्धत आहे, ती याच समीकरणावर आधारलेली आहे.

आता दिशेचा प्रश्न इथे विचारून पाहावा. पाइपाच्या तोंडापासून उंची मोजली आणि वरची दिशा धन धरली, तर य = −१.२२५क्ष² असे समीकरण मिळते आणि नियमानुसार तोंड खाली. पण मोजणारा माणूस सोयीसाठी पाइपापासून खाली खोली मोजतो आणि तीच धन धरतो, तेव्हा त्याचे समीकरण य = १.२२५क्ष² असे होते. सहगुणक धन झाला म्हणून पाण्याची धार काही वर वळली नाही. समीकरण नेहमी एवढेच सांगते, की तोंड य च्या धन दिशेला आहे की ऋण दिशेला. ती धन दिशा कागदावर किंवा जमिनीवर कुठे आहे, हे अक्ष आखणाऱ्याने ठरवलेले असते. पाठ्यपुस्तकात धन दिशा कायम वर असल्यामुळे ही गोष्ट झाकलेली राहते, आणि पदार्थविज्ञानाच्या तासाला ती एकदम पुढे येते. म्हणून भौतिक उदाहरणात आधी अक्ष कसे घेतले आहेत ते वाचावे आणि मगच चिन्हाचा अर्थ लावावा.

इथे एक खुलासाही करायला हवा. दोन टोकांना बांधून सैल सोडलेली दोरी किंवा खांबांमधली विजेची तार वर तोंड केलेल्या अन्वस्तासारखी दिसते, परंतु केवळ स्वतःच्या वजनाने लोंबणारी तार अन्वस्त नसून वेगळा वक्र तयार करते. झोळ कमी असताना दोन्हींतला फरक डोळ्यांना जाणवत नाही इतकेच. अन्वस्ताचे उदाहरण म्हणून ती देऊ नये.

समीकरणच दिलेले नसेल तेव्हा

कधी फक्त आकड्यांचा तक्ता दिलेला असतो. समजा क्ष च्या ०, १, २, ३, ४ या किमतींसाठी य च्या किमती अनुक्रमे २, ९, १४, १७, १८ आहेत, आणि बिंदू उभ्या अक्षाच्या अन्वस्तावर आहेत एवढे माहीत आहे. किमती सतत वाढत आहेत, म्हणून तोंड वर असावे, असा अंदाज बहुतेक जण बांधतात. लागोपाठच्या किमतींमधले फरक काढावेत; ते ७, ५, ३, १ असे येतात. या फरकांचेही फरक काढले की प्रत्येक वेळी −२ मिळते. हा दुसरा फरक ऋण आहे, म्हणून तोंड खाली आहे. तक्त्यात वक्राचा चढता भाग तेवढा आला आहे. शिरोबिंदू अगदी शेवटच्या बिंदूवर आहे आणि त्यापुढे किमती उतरू लागतील. क्ष च्या किमती एकेकाच्या अंतराने असतील, तर दुसरा फरक नेहमी २अ इतका असतो, म्हणून इथे अ = −१. किमतींमधले अंतर समान नसेल तर लागोपाठच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचे चढ पाहावेत. (१, ३), (४, ९) आणि (६, ११) या बिंदूंमधले चढ २ आणि १ आहेत. डावीकडून उजवीकडे जाताना चढ कमी होत आहे, म्हणून तोंड खाली.

शिरोबिंदू आणि आणखी एक बिंदू दिलेला असेल तर काम सोपे वाटते, पण अक्षाची दिशा सांगितलेली आहे ना, हे तपासल्याशिवाय उत्तर लिहू नये. शिरोबिंदू (२, ५) आणि दुसरा बिंदू (६, १) असल्यास, अक्ष उभा असेल तर तोंड खाली आहे, कारण दुसरा बिंदू शिरोबिंदूच्या खाली आहे. अक्ष आडवा असेल तर तोंड उजवीकडे आहे, कारण तोच बिंदू शिरोबिंदूच्या उजवीकडेही आहे. दोन्ही अन्वस्त अस्तित्वात असतात आणि नुसत्या या माहितीवरून त्यांतला एक निवडता येत नाही.

नाभी हा ठरावीक बिंदू आणि नियतरेषा ही ठरावीक रेषा दिलेली असेल तर दिशा सर्वांत लवकर सापडते. अन्वस्तावरचा प्रत्येक बिंदू नाभीपासून आणि नियतरेषेपासून सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे सगळा वक्र नियतरेषेच्या त्याच बाजूला राहतो जिथे नाभी आहे, आणि नाभीला वेढून तिच्याच दिशेने उघडतो. नियतरेषेकडून नाभीकडे जाणारा बाण मनात काढावा. तीच तोंडाची दिशा. नाभी (३, २) आणि नियतरेषा क्ष = ७ असेल, तर बाण उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून तोंड डावीकडे. शिरोबिंदू दोघांच्या बरोबर मध्ये, (५, २) येथे असतो आणि समीकरण (य − २)² = −८(क्ष − ५) असे येते. मोटारसायकलच्या हेडलाइटमधील अन्वस्ताकार परावर्तकात दिवा नाभीपाशी बसवलेला असतो, म्हणून परावर्तित किरण अक्षाला समांतर होऊन उघड्या बाजूने बाहेर पडतात.

अकरावीच्या प्रमाणित रूपांना वेगळा नियम लागत नाही. य² = −१२क्ष पाहिल्यावर डावी बाजू ऋण नसल्यामुळे −१२क्ष ही राशीही ऋण असू शकत नाही, म्हणजे क्ष शून्य किंवा ऋण हवा, म्हणजे तोंड डावीकडे. क्ष² = ८य मध्ये त्याच कारणाने य शून्य किंवा धन, म्हणजे तोंड वर. चार रूपांचा तक्ता पाठ करण्यापेक्षा ही एक ओळ मनात म्हणणे कमी कष्टाचे आहे, आणि परीक्षेत घाबरल्यावर तक्ता विसरतो, ही ओळ सहसा विसरत नाही.

दिशा कळल्यावर काय हाती लागते?

तोंड वर असेल तर शिरोबिंदूपाशी सर्वांत लहान किंमत असते आणि सर्वांत मोठी किंमत नसतेच. तोंड खाली असेल तर याच्या उलट. पाटाच्या कडेला लागून असलेल्या जमिनीच्या तीन बाजूंना १०० मीटर तारेचे कुंपण घालून आयताकार वाफा घ्यायचा असेल आणि पाटाला लंब असलेली बाजू क्ष मीटर धरली, तर क्षेत्रफळ क्ष(१०० − २क्ष) चौरस मीटर होते. सहगुणकांचा गुणाकार −२, म्हणून तोंड खाली, म्हणून कमाल क्षेत्रफळ निश्चित आहे. ते क्ष = २५ असताना १२५० चौरस मीटर येते. दिशा आधी तपासल्यामुळे आपण शिरोबिंदूपाशी काढलेली किंमत कमाल आहे की किमान, याबद्दल शंका उरत नाही.

असमानतांमध्येही हेच ज्ञान कामी येते. क्ष² − ४क्ष + ३ ची मुळे १ आणि ३ आहेत. तोंड वर असल्यामुळे दोन मुळांच्या मध्ये वक्र आडव्या अक्षाच्या खाली असतो, म्हणून ही राशी १ आणि ३ यांच्या दरम्यान ऋण आणि त्यांच्या बाहेर धन असते.

तिरपा अन्वस्त

समीकरणात क्ष·य हे पद असेल आणि द्विघाती पदे मिळून पूर्ण वर्ग होत असतील, तर अन्वस्त तिरपा असतो. शालेय अभ्यासात तो क्वचितच येतो, पण प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी त्याला घाबरून बाजूला ठेवू नये. क्ष² + २क्ष·य + य² − ४क्ष + ४य = ० हे समीकरण घ्या. पहिल्या तीन पदांचा पूर्ण वर्ग करून बाकीची पदे उजवीकडे नेली की (क्ष + य)² = ४(क्ष − य) असे रूप मिळते.

डाव्या बाजूचा वर्ग शून्य होतो ती क्ष + य = ० ही रेषा अक्षाची दिशा दाखवते. इथे क्ष + य = ० आणि क्ष − य = ० या रेषा परस्परांना लंब असल्यामुळे क्ष + य = ० हा प्रत्यक्ष अक्षच आहे आणि शिरोबिंदू आरंभबिंदूपाशी आहे. आता या रेषेवरून दोन बाजूंना जाता येते: उजवीकडे-खाली किंवा डावीकडे-वर. वर्ग ऋण नसल्यामुळे क्ष − य ही राशी ऋण असू शकत नाही. उजवीकडे-खाली गेल्यावर, उदाहरणार्थ (१, −१) येथे, क्ष − य ची किंमत २ असते. डावीकडे-वर गेल्यावर, (−१, १) येथे, ती −२ होते आणि ते चालत नाही. म्हणून या अन्वस्ताचे तोंड उजवीकडे-खाली, म्हणजे चौथ्या चरणाकडे आहे. (४, ०) आणि (०, −४) हे दोन बिंदू समीकरणात घालून पाहिले तर दोन्ही बाजू १६ येतात, म्हणजे वक्राचे दोन फाटे याच बिंदूंतून जातात, आणि अक्षाचा चौथ्या चरणातला भाग त्या दोन फाट्यांच्या मध्ये येतो.